मामीच्या मापाची रायफल

मामी गेल्याचा निरोप राजूरहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं मला नगरला शाळेत आणून दिला. ताप अंगावर काढला, त्याचंच निमित्त झालं. मी पोचले तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती आणि मामीविषयीच बोलत होती. बाई मायाळू होती, दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही... आणि मग कुणीतरी आवाज उतरवून म्हणालं, "तेवढा बंदुकीचा नाद करायला नको हुता बाईनं. किसनचा हात गेला त्यापायी." मामा खांबाला टेकून, मान खाली घालून बसले होते. दहाव्यानंतर त्यांनी मला परसात बोलावलं. "शालन, तू पेपरात लिहितीस. मामीवर लिही. पर खरं लिही. मला झाकू नको." म्हणून हे लिहिते आहे.

माझे मामा राजूरचे शेतकरी, आणि त्या भागातले नावाजलेले शिकारी. डोंगरातल्या वाड्यांवर बिबट्यानं गुरं मारायला सुरुवात केली की माणसं मामांकडे यायची. शिकारबंदीचा कायदा यायच्या थोडं आधीची ही गोष्ट. त्या पावसाळ्यात मामांना न्यूमोनिया झाला. बरे झाले, पण छाती पहिल्यासारखी राहिली नाही. जुनी जड रायफल घेऊन चढाला लागले की धाप लागायची. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. हलकी रायफल घ्यायची म्हणून ते मामीसह नगरला माझ्याकडे उतरले आणि आम्ही तिघं बंदुकांच्या दुकानात गेलो.

"तुमची चांगली रायफल असताना ही हलकी कशाला?" दुकानदारानं सहज विचारलं. मामा घुटमळले. मग मामीकडे हात करून म्हणाले, "हिच्यासाठी. हिला शिकारीचा नाद लागलाय." मामीनं जन्मात बंदूक धरली नव्हती. तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "व्हय. मला जड उचलत न्हाई."

दुकानदार भला माणूस होता. त्यानं मामीच्या हातात एकेक रायफल दिली आणि समजावून सांगितलं, "हलकी रायफल वागवायला सुखाची, बाई, पण बार काढताना कठीण. मोठ्या जनावराला गोळी जोरदारच लागते, आणि तो जोर झेलायला हिच्यात वजन नाही. धक्का सगळा खांद्यावर येतो. थोडी जड चालेल, ही मधली घ्या." मामांनी मधली खांद्याला लावली, दाराशी जाऊन आले, परत ठेवली. सगळ्यांत हलकीच पाहिजे म्हणाले. मग दुकानदारानं मामीच्या हाताचं माप घेतलं. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता तिला लांब पडत होता, तो दोन बोटं कापून देतो म्हणाला. मामांना तेव्हाही नको म्हणता आलं असतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

'बाईंची रायफल' आली ही बातमी वाड्या-वाड्यांवर गेली. थंडीत बिबट्यानं किसनची गाय मारली. किसन डोंगरातल्या एका वाडीचा, मामांचा शिकारीतला जुना सोबती. रायफल बाईंची, म्हणून मामीलाही मचाणावर चढावं लागलं; वर दोघंच होती. उन्हं उतरताना बिबट्या गाईवर आला आणि बार मामांनी काढला. दस्ता त्यांना आखूड, शिवाय धक्क्याच्या धास्तीनं त्यांनी डोळे मिटले होते... हे त्यांनीच मला परसात सांगितलं. गोळी पोटात लागली. जनावर कारवीच्या झुडपांत शिरलं.

सकाळी रक्ताचा माग काढत माणसं निघाली, मागोमाग मामीही. रायफलवाला पुढे पाहिजे. अर्ध्या चढावर मामा खाली बसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. "तू हो पुढं, आलोच," ते किसनला म्हणाले. किसन कुऱ्हाड घेऊन पुढे गेला आणि बिबट्या त्याच्या अंगावर आला. लोकांनी काठ्यादगडांनी तो हटवला, पुढे तो ओढ्यात मेलेला सापडला. पण किसनचा उजवा खांदा फाटला होता. त्याला झोळीत घालताना कुणीतरी विचारलं, "असली अर्धी गोळी मारली तरी कुनी?"

मामा रायफलच्या नळीवरची माती पुसायला लागले. मामी म्हणाली, "माझा नेम चुकला. हे नको म्हनत हुते, म्याच ऐकलं न्हाई."

घरी आल्यावर मामांनी तिला विचारलं, "असं कशाला बोललीस?"

"रायफल माझी हाय म्हनून तुमीच सांगितलं ना," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "राग असता तर मी त्याच दिशी खरं बोललो असतो," मामा मला म्हणाले. नंतर जरा वेळानं, "न्हाई, तरीबी बोललो नसतो."

किसन वाचला, पण हात खांद्याच्या वर जाईना. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी बाजार उरकला की मामी तेलाची बाटली घेऊन त्याच्या वाडीवर जायची आणि खांदा चोळून द्यायची. किसनची बायको तिला बस म्हणायची नाही. मामी आपली उंबऱ्याशी टेकायची, काम करायची, यायची.

तेराव्यानंतरच्या बाजाराला ती बाटली मामांनी घेतली. मी बरोबर होते. धाप लागली की ते वाटेवर उघडपणे बसत होते. किसन अंगणात होता. मामा उभ्यानंच म्हणाले, "किसन, ती गोळी माझी हुती. तिची न्हवं."

किसनची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. मामा बाटली धरून तसेच उभे... मग किसननं डाव्या हातानं सदऱ्याची बटणं काढली आणि मामांकडे पाठ करून बसला.

"बाई त्याल कोमट करून लावायच्या," तो म्हणाला.