विजयमालाआत्याची पहाट

आमची विजयमालाआत्या गोधड्या शिवते आणि शिवताना सुई ओठात धरते. त्यामुळं तिचं प्रत्येक वाक्य दातांच्या फटीतून शिट्टी वाजवत बाहेर पडतं. तिला ग्रेडियंट सांगायला गेले तर म्हणाली, "रंगाची उतरण म्हण की. एवढं इंग्रजी कशाला झाडायलीस?"

आत्या झरी गावात आमच्या घरामागंच राहते. चौदा वर्षं नवऱ्याच्या, म्हणजे बजरंगमामांच्या, जोडीनं तिनं ऊस तोडला. औंदा तिची कंबर गेली आणि डॉक्टरनं वाकायला मनाई केली. मामा पहिल्यांदाच तिच्याशिवाय जाणार होते. ऊसतोड टोळीचा ट्रक शुक्रवारी सकाळी निघणार होता. आत्यानं ठरवलं, आपण न्हाई तर न्हाई, आपल्या हातची गोधडी तरी संगं जायला पाहिजे. आणि तिच्यावर उसाच्या फडातली पहाट पाहिजे. खाली तांबडी, वर जाता जाता पिवळी, पार वर फिकट निळी.

पण चिंध्या मोजक्या होत्या आणि उसवत बसायला वेळ नव्हता.

"ऋते, तू कॉलेजात कोड लिहून चित्रं काढतीस ना? आधी मोबाईलवर काढून दाव. मग कात्री लावते."

मी ऐटीत कोड लिहिला. त्रिकोणाला त्रिकोण जोडून अख्खी गोधडी काढली, त्यात रंग भरला आणि मोबाईल तिच्यापुढं धरला.

"हे काय गं?"

"पहाट."

"कुठंय पहाट? प्रत्येकाची चूल येगळी! ह्यो बी तांबड्यापसून सुरू, शेजारचा बी तांबड्यापसून सुरू. भाऊबंद वाटण्या करून बसल्यावानी दिसायलेत."

खरंच की. मी रंगाची मापं एकेका त्रिकोणाला लावली होती, म्हणून प्रत्येकात एक चिमुकली पहाट उगवली होती. एक ओळ बदलून तीच मापं सगळ्या चित्राला लावली. आता तांबडं खालच्या रांगेत राहिलं, निळं वर गेलं आणि मधला प्रत्येक त्रिकोण आपल्या जागेचा रंग घेऊन बसला.

आत्यानं तोंडातली सुई काढली. तिच्याकडून याहून मोठं कौतुक मी कधी पाहिलेलं नाही.

मग मोबाईल डब्याला टेकवून ती एकेक चिंधी पडद्याला लावून बघायला लागली. "ह्या पिवळ्यात जरा दूध घाल." मी आकडा बदलायचे. "लय झालं! चहा करायचा न्हाई आपल्याला."

फिकट निळं काही केल्या सापडेना. गुरुवारी मामा पेटी उचकत म्हणाले, "माझा दिवाळीचा शर्ट कुठंय?"

"वरच्या रांगेत," आत्या म्हणाली.

मामांनी गोधडीच्या निळ्या रांगेवरून हात फिरवला. मग पेटी लावून टाकली.

शुक्रवारी ट्रक आला तेव्हा गोधडीचे तीन काठ दुमडून झाले होते, चौथा तसाच होता. हॉर्न वाजला तसा आत्याचा टाका वाकडा गेला.

"थांबा म्हणावं त्यास्नी. एक काठ राहिलाय," ती म्हणाली. या वेळी शिट्टी वाजली नाही, आवाजच फाटला.

मामांनी दोरा दातानं तोडला. "ऱ्हाऊ दे. गुढीपाडव्याला आल्यावर शीव."

"तवर दोरे निघतील की."

"निघू दे."

बाकीची बोचकी वर फेकली गेली. गोधडी मात्र मामांनी मांडीवर घेतली, निळी बाजू वर करून.