बिरूच्या खाटेवरची सुरकुती

रविवारी दुपारी आमच्या बराकीत कुणी खाटेवर झोपत नाही. सोमवारच्या तपासणीसाठी चादरी आधीच ताणून ठेवलेल्या असतात, म्हणून आम्ही नवे जवान खाली फरशीवर आडवे होतो. माझे डोळे मिटताहेत, तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणीतरी बसतं.

"उठ की, चादर चुरगळंल," मी म्हणतो. बघतो तर बिरू.

बिरुदेव, माझा जोडीदार. महिन्यापूर्वी रजेवर गेला आणि गावच्या विहिरीत बुडाला. केस अजून ओले आहेत.

"आता मला कोन शिक्षा करतंय?" तो हसतो.

मला हसू येत नाही. भरतीनंतर तिसऱ्या आठवड्यात घराच्या आठवणीनं मी पार कोसळलो होतो. स्वतःच्या खाटेची चादर विसकटायची नव्हती, म्हणून बिरूच्या खाटेवर तोंड खुपसून रडलो. असा मी आपमतलबी. संध्याकाळी कवायत घेणाऱ्या उस्तादांना सुरकुती दिसली. बिरूनं मैदानाला लोळत तीन फेऱ्या मारल्या आणि मी सावधानमध्ये गप्प उभा राहिलो.

बराकीची भिंत आता नाही. आम्ही त्याच्या गावच्या मेंढवाड्यात आहोत, आणि मेंढरं तीन-तीनच्या रांगेत उभी आहेत.

"तुझ्या खाटंवर मीच लोळलो हुतो," मी सांगतो.

"ठावं हाय. दारातनं बघितलं."

"मग नाव का न्हाई घेतलंस?"

"तू रडत हुतास." तो एका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवतो. "माझं जाऊ दे. तात्यांना वाटतंय, पोराला साधं आंथरून घालता येत न्हवतं."

लाजेनं मला मान वर करवत नाही. तात्या, त्याचे वडील, त्याची ट्रंक न्यायला आले तेव्हा बिरूच्या रजेत कानावर आलेल्या त्या शिक्षेबद्दलच विचारत होते. मी म्हणालो होतो, "जरा गबाळा हुता." चोराच्या उलट्या बोंबा, त्याही मेलेल्या माणसाबद्दल!

मी खाली पडतो आणि लोळायला लागतो. एक फेरी, दोन. मेंढरं बाजूला सरकून वाट देतात.

"आरं, पुरं की," बिरू म्हणतो.

जागा होतो तो फरशीवर. दोन्ही कोपरं सोललीत, त्यात तांबडी माती आहे. आमच्या फरशीवर मातीचा कणसुद्धा सापडत नाही.

संध्याकाळी फोनच्या रांगेत माझा नंबर लागतो. आईऐवजी मी तात्यांना लावतो.

"तात्या, ज्या चादरीपायी बिरूला शिक्षा झाली, ती मी चुरगाळली हुती. त्यो गबाळा न्हवता."



"मग शिक्षा हुताना त्यो काय म्हनला?"

"काय न्हाई, तात्या. माझं नाव घेतलं न्हाई."