मी तर काही खातच नव्हतो!

तुम्ही हसणार हे ठाऊक असून सांगतो, कारण एवढा मूर्खपणा एकट्याने सांभाळवत नाही!

पंजाब धुमसत होता ते दिवस. बदलीमुळे आम्ही चंदीगढला, सेक्टर बावीसमध्ये भाड्याने राहत होतो. वर आम्ही, खाली घरमालकीण बीजी. त्यात माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "महीना भर परहेज कीजिए. नहीं उतरी, तो रोज सुई." सुईच्या नुसत्या नावाने मला घाम फुटतो हो!

पण आहारातलं आपल्याला कोण शिकवणार? मी ठरवलं, आठवड्याला चार उपवास! कर्फ्यूची कुणकुण लागली तेव्हा अख्खं मार्केट आट्यासाठी धावलं. मी पाच किलो साबुदाणा आणि तेवढेच शेंगदाणे घेऊन आलो.

काय सांगू ते दिवस! बसस्टँडचे भोंगे बंद, रस्ते निपचित. मनात धाकधूक असायचीच. पण गच्चीवर थंडीतलं कोवळं ऊन, पुढ्यात तुपातली खिचडी, लांब कसौलीचे निळे डोंगर... डोळे मिटले की वाटायचं, साखर थेंबाथेंबाने उतरतेय, आणि मी हलका होत होत डोंगरांकडे तरंगत निघालोय. मग बायको रताळ्याचा कीस वाढायची.

जिन्यातून बीजींची हाक यायची, "पुत्तर, मक्खनवाला परौंठा भेजूँ?"

"नहीं बीजी, व्रत है. और मक्खन तो जहर होता है!"

"हाय रब्बा, आज फिर?"

बीजींनी गल्लीभर सांगितलं. समोरचे सुभेदार मला बघून हातातली जिलबी लपवू लागले. मला केवढं भरून यायचं!

महिना सरला. गुडघे दाखवायला बीजीही माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. आणि साखर? वाढलेली!

"आप खाते क्या हैं?"

"हफ्ते में चार दिन तो कुछ खाता ही नहीं!" मी ताठ मानेने सांगितलं. फराळाला कधी कोणी जेवण म्हणतं का? तुम्हीच सांगा.

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. बीजींचे डोळे पाणावले. "सच है, डॉक्टर साब! घरवाली सुबह से मूँगफली कूटती है, मेरी छत हिलती है, पर ये एक दाना मुँह में नहीं डालता!"

"मूँगफली?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "और?"

मी हळूहळू सगळं सांगितलं. साबुदाणा. बटाटे. रताळी. तूप. बीजी तोंडाला ओढणी लावून बघत राहिल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सुई एक महीना और टालता हूँ, भाईसाहब. चाहे भूखे रह लेना, पर व्रत मत रखना!"