वासरू धरणारा

अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या घरापासून थोड्या अंतरावर जुन्या काळचं एक रँच जपून ठेवलंय. तिथली माणसं त्या काळचे कपडे घालून वावरतात, जनावरं पाळतात, चुलीवर मक्याचा पाव भाजतात. गेल्या महिन्यात मुलगा आणि नात मला तिथे घेऊन गेले. मला जायचं नव्हतं.

मुलगा लहान असताना आम्ही इथेच आलो होतो. गाय जवळ आली तसा तो रडत माझ्या पायाला बिलगला. बरोबर इथल्या मराठी मंडळातली कुटुंबं होती. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "अरे, तुझ्या वयाचा असताना मी रोज धार काढायचो!" सगळे हसले. तेव्हापासून प्रत्येक गणपतीत, घरून एकेक पदार्थ आणून जेवायच्या प्रत्येक पॉटलकला कोणी ना कोणी काका त्याला डिवचायचे, "काय काऊबॉय, मागे गाय उभी आहे बरं का!" आता त्याचे केस पिकायला लागले, तरी ते थांबलेलं नाही. आणि मी गप्प, कारण आयुष्यात मी कधी धार काढलेलीच नाही.

गोठ्यात लांब झगा घातलेल्या बाईंनी विचारलं, कोणाला दूध काढून बघायचंय?

"माझे आजोबा!" नात ओरडली. "ही इज अ प्रो! डॅड, तू मागे थांब, यू गेट स्केअर्ड."

मुलगा मागे सरकला. मुकाट्याने, सवयीने. ते मला बघवलं नाही.

मी स्टुलावर बसलो, गायीला हात लावून तो कपाळाला लावला. तिने नुसता पाय हलवला, आणि मी असा उठलो की स्टूलच कलंडलं.

"मला येत नाही," मी म्हणालो. "कधीच येत नव्हतं. धार ताई काढायची. मी दाराशी वासरू धरून उभा असायचो. लाथेच्या भीतीने. गायीने मान वळवली की तेही सोडून पळायचो. मग ताईच बिचारी दोन्ही सांभाळायची."

नात बघत राहिली. "सो यू लाइड?"

"हो."

"टू एव्हरीबडी?"

"सगळ्यांशी. तुझ्या डॅडशी सगळ्यात जास्त."

मुलाने आधी कलंडलेल्या स्टुलाकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाला, "म्हणजे बाबा, मी तुमच्यावर गेलोय?"

"अगदी."

तो एवढ्या मोठ्याने हसला की गाय वळून बघायला लागली. आम्ही दोघेही दाराकडे सरकलो. नातीने स्टूल सरळ केलं आणि स्वतः बसली. बादलीत धारेचा आवाज आला तेव्हा दाराशी आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो.

"पुढच्या पॉटलकला मी हे सगळ्यांना सांगणार आहे," मी म्हणालो.

"छे, मी सांगणार," मुलगा म्हणाला. "तुम्ही फक्त हो म्हणायचं. एवढं तरी माझ्या वाट्याला येऊ द्या यार."

मी लगेच हो म्हटलं. घरी जाताना गाडीत मला गाढ झोप लागली.