वर आलेलं ते फेकायचं

टॉवेल रंगवायच्या कारखान्यात मी आणि माझी सासू कोळसा निवडत होतो. तिथं निवडणंच म्हणायचे, घरी तांदूळ निवडतात तसं. बॉयलरमध्ये जायच्या आधी कोळशातले दगड हातानं वेचायचे. सासूचं त्यात आयुष्य गेलेलं. नुसतं उचललं तरी तिला दगड कळायचा. मी आपली एकेक खडा उलटापालटा करत बसायची.

मग बॉयलरच्या साहेबांनी टाकी आणली. पाण्यात कसलीशी लोखंडी पूड कालवली की पाणी जड होतं, कोळसा तरंगतो आणि दगड तळाला जातो, असं त्यांनी मला समजावलं. टाकीवर एकच बाई लागणार होती. सोमवारी दोघींना करून बघायला लावतो, जिला जमेल ती राहील, सासूलाही सगळं सांग, म्हणाले. सासू तेव्हा चहाला गेली होती. ती आल्यावर मी सोमवारचं सांगितलं. तरंगण्याचं सांगितलं नाही. का, ते विचारू नका. ठरवून केलं म्हणावं, तर तसंही नव्हतं.

आमची शेती मंद्रूपकडची. तिकडं बाजरीचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. वर येतं ते पोकळ, ते फेकायचं. खाली बसतं ते पेरायचं.

सोमवारी टाकीतलं सगळंच त्या पुडीनं सारखं काळं नि ओलं जड झालं होतं, हाताला दगड-कोळसा वेगळा कळत नव्हता. सासूनं पदर खोचला, झारा घेतला आणि तरंगलेला सगळा कोळसा उपसून कचऱ्यावर टाकला. तळातले दगड निथळून पाटीत भरले आणि बॉयलरपाशी नेऊन ठेवले. तिला वाटलं, झकास जमलं. बॉयलरवरचे लोक हसले तेव्हा ती माझ्याकडं बघायला लागली. मी शेजारीच उभी होते. अगं, उलटं करतेयस, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. लाज वाटायला पाहिजे होती, तीही वाटली नाही. मुंग्या आलेल्या पायासारखं सगळं अंग झालं होतं.

मग माझी पाळी आली. मी बरोबर केलं.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिनं विचारलं, "तुला आदी ठावं हुतं का गं?"

"न्हाय," मी म्हणाले.

"तुला तरी कुटनं ठावं असणार," ती म्हणाली आणि तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली. "दमली असशील. जेव."

मी पोटभर जेवले.