विम्यात न बसणारी पाहुणी

शिंपीणबाईंनी आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण विम्याच्या कागदावर मात्र डोळे झाकून सही केली. नजर अधू झाली, शिवण सुटली, तेव्हापासून त्या माडीवरची खोली फोनमधल्या अ‍ॅपवरून दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देत. पडदे स्वतः शिवलेले, चादरीवर सुरकुती दिसली तर शपथ! कुणी अ‍ॅपवर पाचातला एक तारा कमी दिला की बाईंचं दिवसभर डोकं फिरायचं. सज्जाचा कठडा हलायला लागला, तर या शहाण्या बाईंनी तो दोरीने आवळला आणि वर वेल सोडली. फोटोत झकास दिसायचं.

परवा भाड्याने उतरलेली एक मुलगी तिथेच टेकली आणि कठड्यासकट खाली गेली. कंबर मोडली.

विमा एजंटाने कपाळाला हात लावला. "बाई, घरी सहज आलेल्याला लागलं तर कंपनी भरपाई देते. भाडं देऊन राहणाऱ्यासाठी वेगळा विमा काढावा लागतो. तो कुठे काढलात तुम्ही?"

"मग आता?"

"आता काय! घर विकून भरा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या चौकशीला माणूस येईल. ती तुमची नात्यातली असती, तर गोष्ट वेगळी होती."

बाई तडक इस्पितळात गेल्या. मुलीची आई उशाशी बसली होती. बाईंनी तिचा हात घट्ट धरला. लाजलज्जा केव्हाच गुंडाळून ठेवली होती.

"ताई, मी हिची मावशी लागते, एवढंच उद्या त्या माणसाला सांगा. तुम्हालाही पैसे मिळतील, माझंही छप्पर राहील. या वयात मी कुठे जाऊ हो?"

"इथलं बिल माझ्याही आवाक्याबाहेरचं आहे," आई म्हणाली. "सांगते मी."

बाईंना रडूच फुटलं. "देव तुमचं भलं करो! तूही सांगशील ना गं, बाळा?"

मुलीला मान वळवता येत नव्हती. छताकडे बघतच तिने विचारलं, "कठडा हलतोय, हे तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायलाच तर बाई आल्या होत्या, पण नेमकं हेच खोटं जिभेवर येईना.

"सख्ख्या मावशीने मला तिथे टेकू दिलं नसतं," मुलगी म्हणाली.

आईने बाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.