संघपाल सरांचा जपान

लाखनीच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या संघपाल मेश्रामांना लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर एक जपानी सिनेमा सापडला, आणि त्यानंतर ते हिंदी सिनेमाकडे परत गेलेच नाहीत. जपानी झाले, मग कोरियन. खाली इंग्रजीत येणारे संवाद वाचायचे, वहीत टिपणं काढायची. चार वर्षांत सहा वह्या भरल्या. स्टाफरूममध्ये कोणी सिनेमाचा विषय काढला की सर नुसते हसायचे. लाखनीत हे पाहणारे आपण एकटेच, याचं त्यांना फार सुख होतं.

मागच्या उन्हाळ्यात डोळे दुखायला लागले म्हणून त्यांनी सिनेमा टीव्हीवर लावला. बायको कामिनी तिथंच भाजी निवडत बसली होती. ती दिघोरीची, लग्नाआधी दरवर्षी आईसोबत धानाच्या रोवणीला जाणारी. इंग्रजीशी तिचा संबंध दहावीतच संपलेला. पडद्यावर जपानी खेड्यातली एक म्हातारी बांधीतल्या चिखलात वाकून धानाची रोपं रोवत होती.

"हिच्या घरी कोणीतरी मेलं हाय," कामिनी म्हणाली.

सर दचकले. "तुले कोणी सांगितलं?"

"तिच्या हातातले पऱ्हे पाहा न, किती वाढले. रोवणी मागं पडली. अन् एवढ्या मोठ्या बांधीत एकटी बाई उतरते का?"

चाळीस मिनिटांनी म्हातारीनं मुलाच्या फोटोपुढं भात ठेवला. सर हा सिनेमा तिसऱ्यांदा पाहत होते. रोवणीच्या त्या प्रसंगाबद्दल त्यांच्या वहीत एवढंच होतं : निसर्गाचं सौंदर्य.

त्यांनी बायकोचं कौतुक केलं नाही. पण पुढच्या सिनेमातही तेच झालं, त्याच्या पुढच्यातही. शेजारच्या उषाबाई येऊन बसू लागल्या, मग वच्छला आली, तिच्यामागं तिची जाऊ. रविवारची दुपार ठरूनच गेली. सर संवाद मराठीत सांगायचे आणि बायका कामिनीच्या तोंडाकडं पाहायच्या. "आता काय होईन व कामिनी?" सरांना कोणी विचारत नसे. त्यांचा जीव जळायचा.

एका रविवारी त्यांना राहवलं नाही. कोरियन सिनेमातली सासू विधवा सुनेला म्हणत होती, 'तू तरुण आहेस, नवा संसार कर.' सरांनी सांगितलं, "चालती हो, तुझ्यामुळं माझा पोरगा गेला."

बायका हळहळल्या. कामिनी म्हणाली, "असं नसन म्हणत."

"मी वाचून राहिलो न!"

"हाकलणारी सासू सुनेच्या पिशवीत आपली शाल ठेवते का? पुन्हा वाचा."

सरांनी सिनेमा मागं घेतला आणि या वेळी खरं सांगितलं. उषाबाई म्हणाल्या, "सर, तुमाले इंग्रजी येते न?" सगळ्या हसल्या. कामिनी हसली नाही.

बायका गेल्यावर तिनं विचारलं, "मुद्दाम केलं न?"

"मायाजवळ हे एकच होतं, कामिनी. तेबी तू घेतलं."

"म्या काय घेतलं? मले तर त्यांचं एक अक्षर समजत नाही. तुमी वाचता म्हणून तर बसतो मी."

सरांना त्यानं बरं वाटलं नाही. उलट, ती चिडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

पुढं कामिनी आठ दिवस भावाकडं गेली. सरांनी त्याच दिवशी नवा जपानी सिनेमा लावला, दार लावून, पाय पसरून. त्यात एक माणूस अंगणात सायकल पुसत होता. पुसून झाली. त्यानं पुन्हा पुसायला घेतली. संवाद एकही नव्हता. सरांनी तो प्रसंग तीनदा मागं घेऊन पाहिला, वही उघडली, मिटली आणि दिघोरीला फोन लावला.

"एक माणूस पुसलेली सायकल पुन्हा पुसून राहिला. काहून?"

"त्याच्या हाताकडं पाहिल्याबिगर कसं सांगू? थांबवून ठेवा. मी आल्यावर पाहू."

"काही गरज नाही. मी पाहतो एकटाच."

सरांनी फोन ठेवला आणि तणतणत टीव्ही बंद केला. कामिनी शनिवारी येणार होती.